वारुळावरची अळंबी आणि अस्वलाचं खणकाम

अळंबी ओळखायला तिचा नुसता वरून काढलेला फोटो काही कामाचा नाही, हे भाच्याने मला आधीच सुनावलं होतं. तो इथेच बडोद्याला एम.एस. युनिव्हर्सिटीत बॉटनी शिकतो आणि मावशीला शिकवायची संधी कधी सोडत नाही. "टोप्या सगळ्यांच्याच पांढऱ्या नाहीतर तपकिरी असतात गं. खालून कशी आहे, देठाला कडं आहे का, आणि मुख्य म्हणजे कशावर उगवलीय, ते सांग."

अळंब्या बघायला जांबुघोड्याच्या जंगलात जायचं ठरत होतं, पण अभयारण्यातून काही तोडून आणता येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते बसतच नाही. म्हणून अळंबी ओळखायचा सराव घरीच करायचा होता. जुलैपासून आमच्या सोसायटीच्या लॉनवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवत होत्या, त्याही गोल रिंगण धरून. बुरशीचं जाळं जमिनीखाली मधून बाहेर पसरत जातं आणि छत्र्या कडेला येतात, म्हणून ते रिंगण. त्यातली एक उपटून आणली. देठ कापला, टोपी पालथी न घालता जशी असते तशीच कागदावर ठेवली आणि वर वाटी झाकली. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यायचा, कारण टोपीतून पडणारे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, पांढरे असतील तर पांढऱ्यावर दिसत नाहीत. रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी वाटी उचलली तर कागदावर टोपीखालच्या पापुद्र्यांची एकेक रेघ उमटली होती, आणि रंग चक्क मळकट हिरवा.

हिरवे बीजाणू फार थोड्या अळंब्यांचे असतात. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, लॉनवर हमखास येणारी आणि खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी आडवं करणारी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कागद नेऊन दाखवला, कारण "आमच्या गावाकडे खायचो की" असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. लसूण घालून शिजवायची, लसूण काळी पडली तरच विषारी, हे त्यांचं शास्त्र. चांदीच्या चमच्याचीही अशीच एक गोष्ट सांगतात. दोन्हींत तथ्य नाही. अळंबीतल्या विषाचा लसणीशी किंवा चांदीशी काही संबंध नसतो. काकूंना पटलं की नाही कोण जाणे, पण माळीदादांकडून त्यांनी लॉन साफ करून घेतलं.

आम्ही निघालो पितृपंधरवड्यात. एक तर पाऊस ओसरतो पण जंगल अजून ओलं असतं, आणि दुसरं म्हणजे नवरात्र लागलं की पावागडाला जाणाऱ्यांनी हालोलचा रस्ता भरून जातो. जांबुघोडा बडोद्याहून साधारण ७० किलोमीटर. चांपानेर मागे टाकलं, शिवराजपूर गेलं, की साग, बांबू आणि महुडा, म्हणजे आपला मोह, दिसायला लागतो. १९९० साली अभयारण्य जाहीर झालेलं हे जंगल १३० चौरस किलोमीटरचं आहे. कुठल्या वाटेने जाऊ देतात ते आधी फोनवर विचारून घेतलं होतं. चौकीवर नावं लिहिली आणि तिथलेच एक भाई बरोबर आले. आम्ही वाघ-बिबट्याचं काहीच विचारत नाही म्हटल्यावर हसून म्हणाले, "बिलाडीना टोप जोवा आव्या छो?" म्हणजे अळंब्या बघायला आलात? हो, त्यासाठीच.

पहिला तासभर फक्त पडलेली लाकडं. मेलेल्या फांद्यांवर शिझोफायलम कम्यून ही बुरशी जिकडे तिकडे: राखाडी, लोकरी, नखाएवढे पंखे. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ही सापडते, त्यामुळे बघणाऱ्याला तिचं फारसं कौतुक नसतं. मला मात्र ती आवडते. टोपीखालचे पापुद्रे मधोमध चिरलेले असतात. कोरड पडली की ते कडेला वळून मिटतात आणि ओल मिळाली की पुन्हा उघडतात. खालची बाजू बघायला मी पावडरच्या डबीतला आरसा नेला होता. तो नुसता खाली धरायचा, काही तोडायला लागत नाही. आरशात फोटोही काढता येतो. भाच्याने याला पहिल्यांदा नाक मुरडलं आणि मग दिवसभर आरसा त्याच्याच खिशात होता.

एका ओंडक्यावर पिक्नोपोरस ही भगवी-लाल बुरशी होती. डाल्डिनिया या दुसऱ्या बुरशीचे काळे, कोळशाच्या रंगाचे गोळेही दिसले, त्यातला एक आधीच फुटलेला, आत एकात एक करडी वलयं. झुडपांमध्ये सिग्नेचर स्पायडरची जाळी पसरली होती. धनेशाची जोडी ओरडत वरून गेली. सर्पगरुडाचा नुसता आवाज आला.

खरी गोष्ट पुढच्या उतारावर होती. एका मोठ्या वारुळाच्या पायथ्याशी करड्या टोप्यांच्या अळंब्या वर आल्या होत्या, प्रत्येकीच्या मधोमध टोकदार उंचवटा. टर्मिटोमायसिस. रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या प्रजातीला, म्हणजे जीनसला, हे नाव दिलं. ही सहसा दुसरीकडे उगवत नाही, कारण तिची शेती वाळवी करते. वाळवी लाकूड, पालापाचोळा चावून पोटातून नेते आणि वारुळात त्याचे वाफे रचते. त्यावर ही बुरशी वाढते. लाकूड पचवायचं जड काम बुरशी करते आणि वाळवी तिचे पांढरे दाणे आणि जुने वाफे खाते. हा व्यवहार सुमारे ३ कोटी वर्षांचा आहे. पावसाळ्यात बुरशी आपल्या छत्र्या वर पाठवते. वाफा खोल असतो, म्हणून देठ मुळासारखा लांबच लांब जमिनीत गेलेला, आणि तो टोकदार उंचवटा माती फोडायला. आम्ही तो देठ उकरला नाही. इथले लोक ही अळंबी आवडीने खातात, तेही भाईंनीच सांगितलं.

भाचा आरसा घेऊन गुडघ्यांवर बसला होता. भाई वारुळाच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "रींछ."

अस्वल नव्हतं, त्याचं खणकाम होतं. हातभर खोल खड्डा, माती मागे उडवलेली, कडेला नखांचे समांतर ओरखडे. माती अजून ओली. अस्वलाचे वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटू शकतं. फुंकून धूळ उडवायची, मग ओढायचं, असा त्याचा आवाज दूरवर ऐकू येतो म्हणतात. आम्ही ऐकला नाही, आणि भाईंनी तशी वेळ येऊही दिली नाही. लगेच मोठ्याने बोलायला लागले, आम्हालाही बोलायला लावलं, आणि आलो त्याच वाटेने परत फिरवलं. अस्वलाला चाहूल न लागता आपण जवळ गेलो तर ते पळत नाही, अंगावर येतं. बांबूच्या गर्दीत ते दिसतही नाही.

मला तर तिथून हलावंसं वाटत नव्हतं. एका बाजूने बुरशी वर येतेय, दुसऱ्या बाजूने अस्वल खाली जातंय, आणि मधे वाळवीचा कारभार चालू आहे. आपण जंगलात जाऊन 'काय दिसलं' विचारतो तेव्हा वारूळ कोणी मोजत नाही.

परतताना दुसऱ्या एका सुक्या वारुळावर पोडॅक्सिस ही अळंबी भेटली. मिटलेल्या छत्रीसारखी उभी, आणि आत काळी भुकटी. तीही वारुळाची भक्त.

घरी आल्यावर नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकल्या. भाच्याचा आग्रह असा की प्रत्येक अळंबीचे वरून, बाजूने आणि आरशातून असे फोटो हवेत, शिवाय कशावर उगवली ते लिहायचं. एवढं करूनही लहान तपकिरी अळंब्यांचं काही जमलं नाही. बीजाणूंचा ठसा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, तर त्या 'बुरशी' एवढ्यावरच राहिल्या. टर्मिटोमायसिस प्रजातीपर्यंत गेली, जातीपर्यंत (स्पीशीजपर्यंत) नाही.

खड्ड्याचा फोटोही अस्वलाची खूण म्हणून टाकला. अस्वल धोक्यातल्या प्राण्यांत मोडतं, म्हणून ॲप त्याचं नेमकं ठिकाण आपोआप लपवतं. अळंबीचं लपवत नाही. दोन्ही नोंदी एकाच वारुळाच्या आणि पाच मिनिटांच्या अंतराने काढलेल्या, त्यामुळे एकीवरून दुसरीचा पत्ता कोणालाही काढता आला असता. अळंबीचं ठिकाणही मग मी सेटिंगमध्ये जाऊन झाकून टाकलं.