रजिस्टरात नाव नसलेलं मूल

गोव्यात हरमलला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे आणि काउंटरवर बहुतेक वेळा मीच असते. गेल्या सीझनमध्ये एका संध्याकाळी एकट्याने खोली घेतलेला पाहुणा किनाऱ्यावरून परतला, तो आठ-नऊ वर्षांच्या पोराचा हात धरून. पोराच्या मनगटावर विकायच्या मण्यांच्या माळा तशाच लटकत होत्या. "चॉकलेट देकर अभी नीचे भेजता हूँ," म्हणत तो जिन्याकडे वळला.

मी आडवी आले. रजिस्टरात एकट्याचं नाव आहे, मूल वर जाणार नाही, असं सांगितलं. तो भडकला. "बच्चा ही तो है!"

मूल आहे म्हणूनच! गोवा बाल कायदा २००३ चा आहे. ज्या मुलाची नोंद कुटुंबीयांसोबत किंवा रक्ताच्या नातेवाइकासोबत झालेली नाही, त्याला हॉटेलच्या खोलीत नेता येत नाही. हा कायदा असाच आला नाही. १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली. अनाथाश्रम चालवणारा भला माणूस म्हणून लोक त्याला ओळखत, आणि त्याच आश्रमातल्या मुलांचं त्याने शोषण चालवलं होतं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्यामुळे 'माणूस सभ्य दिसतो' हे कारण मला कुणी सांगू नये. आणि हे फक्त गोऱ्या पाहुण्यांचं दुखणं, असंही समजू नये.

पोराला बाकावर बसवून लिंबू सोडा दिला आणि १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, लावली. हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. पलीकडच्या बाईने पहिलं विचारलं, "मूल आत्ता कुणाजवळ आहे?" मग भाषा कोणती, अंगावर काय आहे, सोबत मोठं कोण. पोर कन्नड बोलत होतं. शेजारच्या चहावाल्याला कन्नड येतं, त्याने किनाऱ्यावरून त्याच्या मावशीला शोधून आणलं. ती धापा टाकत आली. पोर दिसेना म्हणून ती केव्हाची शोधत होती.

तिला पोलिसांकडे जायची भीती होती. आणि मूल हरवलं तर चोवीस तास थांबावं लागतं, असंच तिला कुणीतरी सांगितलेलं. तसं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा. अपहरण किंवा तस्करी असू शकते असं धरूनच तपास सुरू करायचा.

ऑक्टोबरात काउंटरवर नवा मुलगा येतोय. चाव्या हातात देण्याआधी १०९८ त्याच्याकडून पाठ करून घेणार आहे.