ड्रॅगन हागते कुठी?

तर झालं असं की भाची अमरावतीहून सुट्टीत आली, वय नऊ, आणि आमच्या गावची लाईट म्हणजे काय सांगू, साडेसातला गेली ती गेलीच. मोबाईलमध्ये आठ टक्के बॅटरी. मग "मामा गोष्ट सांग", तीपण राजाराणीची नको, बुटक्यांची आणि ड्रॅगनची पाहिजे.

मी सुरू केलं. डोंगरातलं गाव, नाव ऐरणखेडा, सगळे बुटके, कमरेपर्यंत दाढ्या, बायापण घण मारणाऱ्या, डोंगर पोखरून आतमध्ये घरं आणि वरच्या कड्यावर ड्रॅगन. आता नेहमीची गोष्ट कशी असते, ड्रॅगन सोन्यावर वेटोळं घालून बसते आणि कोणीतरी हिरो तलवार घेऊन येते. मीपण तेच सांगणार होतो. तेवढ्यात बाजेवर पडलेली माय अंधारातून बोलली, "काऊन बा, एवढा मोठा जीव, खाते काय? आन हागते कुठी?"

भाची हसून हसून लोळली. मी मात्र अडकलो, कारण प्रश्न बरोबर होता ना. ज्या घरी चार जनावरं आहेत त्या घरात हाच प्रश्न आधी येणार. रोज दहा बकऱ्या खाणारे वीस ड्रॅगन म्हटले तर महिन्याभरात डोंगर साफ, मग बुटके खाणार काय आणि ड्रॅगन तरी काय खाणार? शेजारी म्हणून राहायचं तर त्याचं चरणं पाहिजे, पाण्याची जागा पाहिजे, शेण पडायची जागा पाहिजे.

म्हणून मी ठरवलं की हे ड्रॅगन चारा खातात. भाचीला पटेना, म्हणे एवढे मोठे आणि गवत? मग तिला पिसदुऱ्याचं सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथे डायनासोरची हाडं सापडतात आणि त्यांचं शेणपण, दगड झालेलं. वय साडेसहा कोटी वर्षांच्या वर. 2005 मध्ये संशोधकांनी त्या शेणात गवताचे बारीक अवशेष दाखवले, तोपर्यंत लोकांना वाटायचं डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. म्हणजे लांब मानेचे ते अजस्र टायटॅनोसॉर पाल्यासोबत गवतपण खात होते, आणि हे कळलं कशावरून तर शेणावरून. मायला म्हटलं, पाय, तुह्या प्रश्नाचं उत्तर सायन्सवाल्यांनीबी तसंच शोधलं. ती म्हणे, "मंग."

आता गवत खाणाऱ्याच्या तोंडून आग कशी? हे भाचीनं विचारलं आणि उत्तर मायनंच दिलं. आमच्याकडे कोठ्यामागे गोबरगॅसची टाकी होती, आता बंद आहे. माय म्हणे, शेण कुजलं की गॅस होते, तसा याच्या पोटातच होत असन. बरोबरच आहे की! रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन होतोच, ढेकरातून बाहेर पडतो. दाढा गारगोटीच्या ठेवल्या, रवंथ करताना घासल्या की ठिणगी. इतका साधा ड्रॅगन मी कुठं वाचला नव्हता.

लोखंडाची भानगड मात्र लांबली. मी गाव चिखलदऱ्याच्या बाजूला बसवलं होतं कारण आमच्या गच्चीवरून तोच डोंगर दिसते, पण तो सगळा काळा बेसाल्टचा खडक, तिथं बुटके खणणार काय? खनिज पाहिजे तर गडचिरोलीकडे, सुरजागडच्या बाजूला. मग बुटक्यांनी तिकडून बंडीनं खनिज आणायचं असं ठरलं. एवढ्या लांबून! असो, गोष्टच आहे. आणि विदर्भात लोखंड गाळणं काही नवं नाही, पारशिवनी तालुक्यात पेंचच्या काठी नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली, जवळपास 2700 वर्षांपूर्वीची. तेव्हाचे लोक मेलेल्याभोवती दगडांची मोठी वर्तुळं करून ठेवायचे, नागपूरजवळ जुनापाणीला अशी 300 च्या आसपास आहेत. ऐरणखेड्यातलं स्मशान मी तसंच केलं, बुटक्याचं वर्तुळ लहान, ड्रॅगनचं मोठं, पण एकाच माळावर.

एक गोष्ट मी सोडली नाही. नुसत्या ड्रॅगनच्या आगीनं लोखंड सुटत नाही, खनिजातला ऑक्सिजन ओढून घ्यायला कोळसा लागतोच. म्हणजे ड्रॅगन फक्त पेटवायला आणि फुंकायला, भात्याच्या जागी. कोळसा बुटक्यांनीच पाडायचा आणि त्यासाठी झाडं तोडायची, अन् तीच झाडं ड्रॅगनचा चारा. इथून भांडण सुरू. आणि भांडण कशावरून? धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून! विदर्भात सख्खे भाऊ धुऱ्याच्या हातभर जागेसाठी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, मग बुटके आणि ड्रॅगन काय सोडणार आहेत. दरवर्षी पावसाळ्याआधी दोघांकडचे म्हातारे धुऱ्यावर बसतात, दगड मोजतात, शिव्या देतात, चहा पितात (ड्रॅगनचा चहा घमेल्यात), आणि अर्धा दगड इकडे सरकवून घरी जातात.

मोठ्या जनावराच्या शेजारी राहणं आमच्याकडे नवं नाही. मेळघाट 1973-74 मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत होता, वाघ आमच्या बोलण्यात लहानपणापासून आहे. जंगलातल्या गावांत वाघदेवाचा दगड असते, त्याला शेंदूर लावतात, आणि रात्री कोठ्याचं दार पण नीट लावतात. दोन्ही. तो आपला मित्र आहे असं कोणी म्हणत नाही. रोही (नीलगाय) आणि डुकरं हरभरा खाऊन गेली की मी स्वतः रात्री मचाणावर बसून पहाटेपर्यंत डबा वाजवला आहे आणि नंतर नुकसानीचा फॉर्म घेऊन दोन चकरा मारल्या आहेत, त्याचं काय झालं ते विचारू नका. म्हणून ऐरणखेड्यात जागल ठेवलीच. एक बुटका डबा घेऊन बसलेला, ड्रॅगनचं पिल्लू ज्वारीत शिरलं की वाजवायचं. पिल्लू पळत नाही, ऐकत बसते, त्याला आवडते ते.

लाईट आली तेव्हा भाची झोपली होती. सकाळी वहीत चित्र, लाल ड्रॅगन, नाव लालकी, आणि तोंडाला मुसकं बांधलेलं, आपण मळणीच्या वेळी बैलाला बांधतो तसं. म्हणे ज्वारी खाईल ना मामा.

मायनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणे, "मुसकं सोड बाई तिचं. भट्टी कोन पेटवन मंग?"