त्यानं एकदाही पैसे मागितले नाहीत

तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यानं सुरुवातीलाच विचारलं, "त्यांनी तुमच्याकडे पैसे कधी मागितले?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ज्याच्याशी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, त्यानं सव्वीस महिन्यांत एकदाही पैसे मागितले नव्हते. ४१ वेळा मीच दिले होते. त्यातल्या निम्म्या वेळा तर "घे रे, माझ्यासाठी घे" अशी गळ घालून.

मी हिशेबाचं काम करते. दुसऱ्यांच्या खात्यांत पैशाचा फरक राहिला तरी मला रात्री झोप लागत नाही. म्हणून "तुला कसं कळलं नाही गं?" हा प्रश्न मला इतरांपेक्षा थोडा जास्तच लागतो.

त्याची पद्धत आता मागे वळून बघताना दिसते. आधी दोन दिवस फोन कमी व्हायचे. मग आवाज पडलेला. "काही नाही, माझं मी बघतो." मी खोदून खोदून विचारायची, तो टाळायचा. शेवटी मध्यरात्री कधीतरी सांगायचा: खातं गोठवलंय, भागीदारानं हात वर केले, आईचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागणार. आणि वर, "तुझ्याकडून घेणार नाही हं. पैशानं नाती नासतात." या एका वाक्यानं माझे हात बांधले. पैशावरून नाती नासतात हे ज्याला कळतं, तो मला कशाला फसवेल?

पहिली रक्कम अगदी लहान होती. ती त्यानं कबूल केलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी परत केली. नंतर समुपदेशक बाईंनी मला १९६६ सालचा एक प्रयोग सांगितला. फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात लोकांना घराच्या अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं विचारलं. पाचातला एकही धड तयार होईना. पण ज्यांनी आधी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी खिडकीत लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के लोक फलकालाही हो म्हणाले. बाईंना वाटलं मला बरं वाटेल. मला एवढंच सुचलं की मी तर पाटी स्वतः रंगवून नेऊन दिली होती.

उघड झालं ते एका बिलामुळे. त्यानं आईच्या ऑपरेशनचं बिल पाठवलं होतं, मी न मागता. वर्षभरानं दुसऱ्या ऑपरेशनचं पाठवलं. एका रात्री फोनमधली जागा भरली म्हणून मी जुने फोटो पुसत बसले होते. दोन बिलं शेजारी शेजारी आली. तारखा वेगळ्या होत्या. बिल क्रमांक एकच, आणि शेवटच्या आकड्यापर्यंत रक्कमही तीच. माझ्या धंद्यात दुबार बिल पकडणं हे नवशिक्यालाही जमतं. तरीही खरं सांगते, पहाटेपर्यंत मी त्याला निर्दोष ठरवणाऱ्या शक्यता शोधत होते. हॉस्पिटलच्या संगणकातच घोळ असेल, अशी एक शक्यता तर मला बराच वेळ पटलीही होती.

मग माझी सगळ्यात मोठी चूक झाली. मी त्याला विचारलं. ताईनं बजावलं होतं, "आधी सगळं उतरवून ठेव, मग तोंड उघड." मला वाटलं, निदान विचारण्याचा तरी माझा हक्क आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, "तू आजकाल फार थकलेली असतेस, काहीतरी गल्लत करतेयस," म्हणाला, आणि तासाभरात आमचं सगळं संभाषण माझ्याही फोनमधून गेलं. त्या ॲपमध्ये दोन्हीकडचं एका झटक्यात पुसता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. 'गॅसलायटिंग', म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोक्यावर शंका यायला लावणं, हा शब्द आता इतका सगळीकडे झालाय की साध्या भांडणालाही लोक तो लावतात. मी मात्र त्या रात्री खरोखरच ती दोन बिलं पुन्हा उघडून बघितली. मला वेड तर लागलेलं नाही ना, एवढं पाहायला.

उरलं ते त्याच्या हातात नसलेलं. बँकेचे उतारे, गॅलरीत आपोआप साठलेले फोटो, ईमेलवर आलेल्या पावत्या, आणि ताईला मी वेळोवेळी पाठवलेले कौतुकाचे मेसेज. 'बघ ना, एवढ्या अडचणीत आहे पण माझ्याकडून घ्यायला तयार नाही.' तारखेसकट. त्यातलेच काही मेसेज पुढे पुरावा म्हणून जोडले.

ताईनं दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून सगळे पासवर्ड बदलायला लावले, तेही त्याचा हात कधी न लागलेल्या तिच्या फोनवरून. ईमेल परत मिळवण्यासाठीचा नंबर त्याचा होता. लॉगिन असलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचा टॅब होता. माझ्या फोनमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. "फोन स्लो झालाय, दे, साफ करून देतो," असं म्हणून तो महिन्यातून एकदा फोन न्यायचा, आणि मी त्याला काळजी म्हणायची.

क्रेडिट रिपोर्ट काढला तेव्हा माझ्या नावावर दोन कर्जं निघाली. एक मी त्याच्यासाठी काढलेलं. दुसऱ्याचा मला पत्ताच नव्हता. पैसे माझ्या फारशा न वापरलेल्या खात्यात आले होते आणि त्याच तासात तिसरीकडे गेले होते. लोकांच्या खात्यांचा दरमहा ताळमेळ घालणाऱ्या मी स्वतःचं ते खातं वर्षभर उघडलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बँकेत काउंटरवरच्या मुलीनं सहानुभूतीनं ऐकलं आणि विचारलं, "पण पाठवलेत तुम्हीच ना?" सगळा डाव या प्रश्नात आहे. कुणी तुमच्या खात्यात घुसून पैसे काढले तर ती चोरी. तुम्ही खोट्यावर विश्वास ठेवून स्वतः बटण दाबलंत, तर व्यवहार तुमच्याच संमतीचा दिसतो आणि बँकेच्या लेखी प्रकरण तिथेच अवघड होतं. शेवटी घरी येऊन मी जे येतं तेच केलं. खतावणी मांडली.

तीन भाग पाडले. पहिल्यात, त्यानं सांगितलेलं खरं धरून मी पाठवलेले. दुसऱ्यात, माझ्या फोनवरून माझ्या नकळत झालेले. ते कर्ज यातच. तिसऱ्यात भेटी, सहली, दोघांचा खर्च. हा तिसरा भाग पाडायला मला आठ दिवस लागले. राग असा होता की सगळंच फसवणुकीत टाकावं. पण त्याच्या वाढदिवसाचं घड्याळ मी प्रेमानं दिलं होतं, कुठल्या ऑपरेशनसाठी नाही. ते तिसऱ्यात गेलं. आकडा बराच कमी झाला. नंतर अधिकारी म्हणाले, या भागामुळेच त्यांना बाकीचे दोन खरे वाटले.

पहिल्या भागासाठी वकील बाईंनी एक गोष्ट डोक्यात ठसवली. उसने घेऊन परत न करणं हा बहुतेक वेळा दिवाणी वाद ठरतो. गुन्हा ठरायला पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. म्हणजे माझं रडणं, त्याची वचनं, मोडलेलं लग्नाचं बोलणं, हे सगळं बाजूला. प्रत्येक रकमेपुढे तीनच रकाने: त्यानं काय सांगितलं, ते कधी, आणि ते तेव्हाच खोटं होतं हे कशावरून. खातं गोठवलंय म्हणाला त्याच आठवड्यात त्याच खात्यातून झालेल्या खरेदीची पावती त्यानं मला चुकून दाखवली होती, फोटो होता. ४१ पैकी १३ नोंदींचे तिन्ही रकाने भरले. बाकीच्या खऱ्या असूनही रिकाम्या राहिल्या, आणि वकील बाईंनी त्या सरळ पुरवणीत टाकल्या. मला ते अपमानासारखं लागलं होतं.

आईला सांगायला दोन महिने गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याची आई खरंच आजारी होती का गं?" माझ्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. अजूनही मला उत्तर माहीत नाही.

याच दिवसांत एका अनोळखी माणसाचा फोन आला. बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा. त्याला माझी रक्कमसुद्धा माहीत होती. एकदा फसलेल्यांच्या याद्या ठग आपसांत विकतात, हे मला नंतर समजलं. लाज वाटते, पण मी फॉर्म अर्धा भरला होता. ताई खोलीत आली म्हणून थांबले.

न काढलेलं कर्ज सात महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर माझ्या नावावरून उतरलं. दुसऱ्याचे हप्ते मी अजून भरते. प्रकरण चालू आहे. आणखी दोघीजणी पुढे आल्यात, त्यांच्याशी बोलायला वकिलांनी सध्या मनाई केली आहे.

फक्त एका नोंदीवरून आमचं वाजलं. ती पहिली लहान रक्कम, जी त्यानं परत केली. वकील बाई म्हणाल्या, तो हीच पुढे करणार: बघा, मी परतफेड करणारा माणूस आहे. पुरवणीत ढकलूया का? मी नको म्हटलं. अख्ख्या खतावणीत जमेच्या बाजूला ती एकच नोंद आहे, पहिल्या पानावर, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीची. तिच्याशिवाय ताळा जुळत नाही.