शेजारच्या गोदामाचे दिवे आणि आमची खिडकी: माझा अनुभव

उजेडाची तक्रार घेऊन कचेरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, "त्रास होतो म्हणजे नेमका किती?" आवाजाचं तसं नाही. तिथे डेसिबलचा आकडा असतो आणि नियमात मर्यादाही असते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडच्या गोदामाच्या परवान्यात मात्र प्रकाशाबद्दल एकच ओळ होती: शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही अशी व्यवस्था असावी. उपद्रव कशाला म्हणायचं, ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. शेजाऱ्यांचे आधीचे अर्ज याच कारणाने दप्तरी पडून राहिले होते.

गोदामाच्या वाहनतळावर पांढऱ्याशुभ्र एलईडीचे फ्लडलाइट लागले आणि आमच्या इमारतीच्या मागच्या सगळ्या खोल्यांमध्ये रात्रभर उजेड येऊ लागला. जाड पडद्याच्या कडेनेही तो आत येतोच. हा नाजूक जिवांचा हट्ट नाही. आपल्या डोळ्यात फक्त उजेडाची नोंद घेणाऱ्या पेशी असतात आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. रात्र झाल्याचा निरोप देणारं मेलाटोनिन त्यामुळे दबतं. थंड पांढऱ्या एलईडीत हा निळा भाग जास्त असतो.

त्यामुळे अर्ज आकड्यांवर उभा करायचं ठरवलं. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची, म्हणजे सीआयईची, १५० क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. तिची २०१७ ची आवृत्ती फार कामाला आली. परिसर मुळात किती उजेडाचा आहे त्यावरून तिच्यात विभाग पाडले आहेत आणि घराच्या खिडकीवर पडणाऱ्या प्रकाशाची मर्यादा विभागवार दिली आहे. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते मोजायचं एकक. मध्यम उजेडाच्या वस्तीला १० लक्स, आणि रात्री ठरलेल्या वेळेनंतर फक्त २ लक्स. शहराच्या गजबजलेल्या भागालासुद्धा त्या वेळेनंतर ५ लक्सच. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर पाव लक्सच्या आसपास प्रकाश असतो, हे लक्षात घेतलं की २ लक्स म्हणजे फार कंजूस मर्यादा नाही हे कळतं.

मोजणी नीट हवी. मोबाइलवरच्या ॲपवर विसंबू नका. कमी उजेडात त्यांचे आकडे भरवशाचे नसतात. लक्समीटर मिळवा. खोलीतला दिवा बंद करून मीटर काचेलगत उभा, तोंड बाहेर करून धरायचा. गोदामाचे दिवे चालू असताना एक नोंद आणि ते बंद असताना दुसरी. दोन्हींतला फरक हा त्या दिव्यांचा वाटा. नाहीतर "हा तर रस्त्यावरच्या खांबाचा उजेड" असं उत्तर तयारच असतं. आमच्या खिडकीवरचा फरक २ लक्सच्या कितीतरी पट निघाला. तरीही अर्जात मी माझे आकडे मान्य करा असं म्हटलं नाही, तुमच्या अभियंत्याने दोन्ही पक्षांसमोर पुन्हा मोजावं अशी विनंती केली. ती नाकारायला कुणाला कारणच सापडलं नाही.

सुनावणीत गोदामाच्या व्यवस्थापकांचा मुद्दा सरळ होता: "दिवे कमी केले आणि चोरी झाली तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. माल त्यांचा, जोखीमही त्यांची. दिवे बंद करा असं माझं म्हणणंच नव्हतं. दिवे आडवे रोखले होते, ते खाली वळवा एवढी मागणी होती.

पाहणी रात्री ठेवली, आणि सगळं चित्र तिथेच बदललं. अभियंत्यांनी सुरक्षारक्षकाला दिव्याच्या खांबामागे भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं आणि आम्ही सगळे फाटकापाशी थांबलो. कोपऱ्यात माणूस आहे की नाही, कळेना. मग त्यांनी तळहात डोळ्यांसमोर आडवा धरून फक्त दिवा झाकला, आणि रक्षक दिसला, अगदी हातातल्या काठीसकट. व्यवस्थापकांनीही स्वतः तसंच करून पाहिलं. उघडा दिवा थेट डोळ्यात गेला की त्याचा प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि अंधुक गोष्टी त्यात बुडून जातात. म्हणजे ज्या सुरक्षेसाठी दिवे लावले, तिलाच ते मारक ठरत होते.

अटींचा मसुदा मी आधीच लिहून नेला होता. याला फार महत्त्व आहे, कारण कोरा कागद समोर असला की कचेरीतून पुन्हा 'उपद्रव होणार नाही' हीच ओळ उतरते. दिव्याचं तोंड सरळ खाली, आडव्या रेषेच्या वर प्रकाश शून्य. घरांच्या बाजूला आडोसा. नव्या दिव्यांचं रंगतापमान ३००० केल्व्हिनपेक्षा जास्त नाही; हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर पांढरा. फ्रान्सने २०१८ च्या आदेशात बाहेरच्या दिव्यांसाठी हीच मर्यादा घातली आहे, हे सांगितल्यावर हरकत उरली नाही. काम संपल्यावर दिवे मंद, आणि आवारात हालचाल झाली तरच सेन्सरने पूर्ण उजेड. शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते: सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीवर मोजणी करायची, आणि दिवे बदलले की पुन्हा मोजायचं. दिवे बदलणारा माणूस दरवेळी वेगळा असतो आणि कोन त्याच्या सोयीने ठरतो.

आडोसे आणि सेन्सर यांचा खर्च गोदामाने केला. बहुतेक दिवे तेच राहिले, फक्त पाना लावून खाली वळवले. व्यवस्थापक आता स्वतःच सांगतात की कॅमेऱ्यातली चित्रं जास्त स्पष्ट येतात.

गोदामाच्या दर्शनी भागावरचा एलईडी फलक अजून तसाच आहे. त्याला खिडकीवरच्या लक्सचं माप पुरत नाही. फलकाची स्वतःची तेजस्विता चौरस मीटरमागे कँडेलामध्ये मोजावी लागते, आणि त्याची परवानगीही वेगळ्या खात्याकडून येते. त्याचा अर्ज दिला आहे, पोचपावती घेतली आहे.