पातेल्यातलं गाणं

आमच्या घरी गाणं पातेल्यातून येतं. सकाळी बायको कामाला लागली की फोनवर गाणी लावते आणि तो फोन एका रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवते. पातेल्यात घुमून आवाज मोठा होतो हे खरं, पण गायक विहिरीत पडून तिथून मदतीसाठी गातोय असंही वाटतं. तिला त्याचं काहीच नाही. ती कामं करत गुणगुणते, कधी गायकाच्या आधीच पुढची ओळ म्हणून मोकळी होते, आणि मला इतक्या वर्षांत एकदाही ‘आवाज नीट येत नाही’ अशी तक्रार ऐकू आलेली नाही.

अशा या घरात हाय-रेझोल्यूशन म्युझिक प्लेअर आला. मी विकत घेतला नाही, एका मित्राने तो माझ्या गळ्यात मारला. या छंदातल्या लोकांची ही रीतच आहे. नवा प्लेअर आला की जुना टाकवत नाही आणि दोन ठेवलेले घरच्यांना बघवत नाहीत, मग माझ्यासारखा कुणीतरी शोधायचा. “महिनाभर ऐक, मग बोल,” तो म्हणाला. “तानसेन होणं आपल्या नशिबात नव्हतं, निदान कानसेन तरी हो.”

वस्तू देखणी होती. पत्त्यांच्या जोडाएवढी, धातूची, हातात घेतल्यावर गार लागणारी. आवाज कमी-जास्त करायला कडेला एक गोल चाक होतं आणि ते फिरवताना बोटांना बारीक टकटक जाणवायची. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच चाक. पहिले दोन दिवस मी गाणं ऐकण्यापेक्षा आवाज कमी-जास्त करण्यातच घालवले.

मित्राने आकडेही ऐकवले. सीडीमध्ये आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेलं असतं. हाय-रेझोल्यूशनमध्ये हीच मोजणी सेकंदाला ९६,००० किंवा थेट १,९२,००० वेळा होते. माप २४ बिटांचं, पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर. चार मिनिटांचं गाणं उत्तम प्रतीच्या एमपी३मध्ये जेमतेम १० एमबीत मावतं. तेच न दाबता सीडीच्या मापाने ठेवलं तर ४२ एमबी लागतात, आणि २४ बिट-१९२ किलोहर्ट्झ असेल तर २७६. फ्लॅकसारख्या पद्धतीने घडी घालून ठेवलं तर जागा थोडी कमी लागते, पण शालूची घडी घातली म्हणून त्याचा रुमाल होत नाही.

आता यातली मेख. एखादी कंप्रता, म्हणजे लाट सेकंदाला किती वेळा थरथरते तो हर्ट्झमधला आकडा, पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, आणि तेवढं मोजलं की पुरतं. म्हणजे सीडीच्या ४४,१०० मापांत साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं येतं. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,०००पर्यंत पोचतो आणि वय वाढेल तसा वरून खाली उतरत जातो. माझ्या वयात ते वरचे मजले कधीच रिकामे झालेत. त्यापलीकडचं जे काही या फायलींत जपून ठेवलेलं असतं, ते वटवाघळांच्या उपयोगाचं. चोवीस बिटांची गोष्ट थोडी वेगळी. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना ती ऐसपैस जागा खरोखर कामी येते. तयार गाणं घरी ऐकणाऱ्याला १६ बिटांची ९६ डेसिबलची खोली, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, आधीच उरून जाते.

पण हे सगळं गणित मला नंतर सुचलं. पहिल्या रात्री मात्र मी पुरता विरघळलो. दिवा बंद करून, मित्रानेच दिलेले इअरफोन घालून, कॉलेजच्या दिवसांपासून पाठ असलेलं एक गाणं लावलं. तिसऱ्या ओळीच्या आधी गायिकेने श्वास घेतला. छोटासा, घाईतला, ओळ मोठी आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने घ्यावा तसा. इतकी वर्षं हे गाणं ऐकतोय आणि तो श्वास मला कधी भेटलाच नव्हता. पुढे मागच्या बाजूला एक खुर्चीही कुरकुरली. मी उठून बसलो. मित्राला रात्री बारा वाजता मेसेज केला: “मान गये.” त्याचं उत्तर मिनिटभरात आलं. ही मंडळी लवकर झोपत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक चूक केली. तेच इअरफोन फोनला जोडले आणि तेच गाणं साध्या फायलीतून लावलं. श्वास तिथेही होता. खुर्चीसुद्धा.

मुलीला हे सांगितल्यावर तिने माझी परीक्षाच घ्यायचं ठरवलं. डोळ्यांवर ओढणी बांधली. त्याच प्लेअरवर, त्याच इअरफोनमधून, एकच गाणं कधी एमपी३मध्ये तर कधी मोठ्या फायलीतून लावायचं आणि मी ओळखायचं. आवाजाची पातळीही तिने आधी सारखी करून घेतली, कारण जरा मोठा वाजणारा आवाज माणसाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. सोळा फेऱ्या झाल्या. पहिल्या चारपाच वेळा मी अगदी ठामपणे, कारणांसकट उत्तरं दिली. “यात हवा जास्त आहे,” असलंही काहीतरी बोललो. “बाबा, तू ठोकून देतोयस,” ती म्हणाली. सोळापैकी नऊ बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी आठच्या आसपास आली असती.

यात माझीच नामुष्की आहे असं नाही. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांचा असाच एक प्रयोग २००७ साली ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात छापून आला. त्यांनी हाय-रेझोल्यूशन तबकडी थेट ऐकवली आणि तीच मध्ये सीडीच्या मापातून गाळूनही ऐकवली. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाण्याचाच हिशेब. पुढे २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांतले बारा हजारांहून जास्त निकाल एकत्र तपासले, तेव्हा ओळखणाऱ्यांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. कान आधी शिकवून तयार केलेल्यांत ते साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे फरक अगदीच शून्य नाही, पण तो ऐकू यायला तालीम लागते. माझ्या मित्राने हा दुसरा आकडा पाठ केला आहे. पहिला त्याला आठवत नाही.

तर हे प्लेअर रोजच्या श्रोत्याला जिंकतील का? मला नाही वाटत. आणि फरक ऐकू येत नाही हे त्याचं मुख्य कारण नाही. ऐकू आला असता तरी ते हरले असते, कारण गाणं कशावर ऐकायचं हे आजवर कानाने कधी ठरवलेलंच नाही. ते खिशाने ठरवलं.

जुलै १९७९मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा घरातल्या तबकडीचा आवाज त्याच्या कॅसेटपेक्षा सरस होता. कॅसेट खरखरायची, फीत गुंतायची, मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचं. तरी लोक कॅसेटच्या मागे गेले, कारण ती बरोबर येत होती. सीडी हा अपवाद म्हणावा तर तिलाही लोकांनी स्वच्छ आवाजाइतकंच, बाजू उलटायला उठावं लागत नाही म्हणून जवळ केलं असणार. मग एमपी३ आलं. त्याची युक्ती अशी की मोठ्या आवाजाच्या सावलीत जो छोटा आवाज कानाला कळतच नाही, तो ठेवायचाच नाही. हे तंत्र बसवताना कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा यांचं एक साथीविना गायलेलं गाणं असंख्य वेळा ऐकलं. एकटा उघडा आवाज होता, चोरी लपवायला वाद्यंच नव्हती. सुरुवातीला तो आवाज पार बिघडत होता, तो शाबूत राहीपर्यंत त्यांनी पद्धत घासूनपुसून घेतली. २००१मध्ये आयपॉड ‘खिशात हजार गाणी’ म्हणत आला, तेव्हा हजार या शब्दावर सगळे भाळले. ती वाजतात कशी, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. आणि फोन तर कानामागून आला आणि तिखट झाला. त्याने आयपॉड गिळला, कॅमेरा गिळला, घड्याळ गिळलं, शेवटी २०१६पासून स्वतःचं इअरफोनचं छिद्रही गिळायला लागला. लोक थोडे कुरकुरले आणि बिनवायरचे इअरफोन घालून चालू लागले. ब्लूटूथवर एलडॅक नावाची वरच्या दर्जाची वाट घेतली तरी तिच्यातून सेकंदाला ९९० किलोबिटच्या वर काही जात नाही, सीडीला १,४११ लागतात. कोण मोजतंय? वायर गुंतत नाही ना, मग झालं.

याच्या उलट, नुसत्या कानाच्या जिवावर जे आले त्यांची गत पाहा. सुपर ऑडिओ सीडी १९९९ला आणि तिच्या मागोमाग डीव्हीडी-ऑडिओ. शौकिनांच्या कपाटाबाहेर दोन्ही फारशा पडल्या नाहीत. नील यंग हे मोठे गायक, दाबलेल्या आवाजावर त्यांचा राग जुना. त्यांनी २०१४मध्ये पोनो नावाच्या प्लेअरसाठी लोकवर्गणी काढली, १८ हजारांहून जास्त लोकांनी मिळून साठ लाख डॉलरच्या वर पैसे दिले. एवढं प्रेम कुठल्या डबीला मिळतं? पण पोनो तिकोनी होता. चॉकलेटच्या लांबट तिकोनी खोक्यासारखा. टेबलावर ठेवला तर झकास, खिशात घातला तर मांडीला टोचणार. २०१६मध्ये त्याचं गाण्यांचं दुकान बंद झालं आणि २०१७मध्ये पोनोनेच गाशा गुंडाळला. तिकोनीपणामुळे बुडाला असं मी म्हणत नाही. पण ज्याला आकार देताना खिसा आठवला नाही, त्याला आणखीही बरंच काही आठवलं नसणार. सोनीनेही २०१६मध्ये तांब्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेला एक वॉकमन काढला. वजन ४५५ ग्रॅम, म्हणजे दोन फोनांएवढं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

रोजच्या श्रोत्याचा खिसा आधीच भरलेला आहे. त्यात चाव्या, पाकीट आणि फोन. चौथी वस्तू त्यात शिरायची तर तिने फोनपेक्षा चांगलं गाऊन भागत नाही, फोनला बाहेर काढावं लागतं. मी महिनाभर दोन्ही घेऊन हिंडलो. प्लेअरची बॅटरी वेगळी, चार्जिंगची आठवण वेगळी, गाणी आधी संगणकावरून भरून घ्यायची ती वेगळी. वाहनांच्या गोंगाटात ती एक कोटी सदुसष्ट लाख पायऱ्यांची शिडी खालून बरीचशी बुडालेली असायची. शिवाय आता फोनवरच बिनकाटछाटीची गाणी मिळतात. अ‍ॅपलने २०२१पासून ती जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, स्पॉटिफायनेही २०२५मध्ये दिली. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एक बटण दाबावं लागतं. माझ्या ओळखीत ते शोधलेला माणूस एकच, आणि तो तुम्हाला माहीत आहे.

प्लेअरची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही. तीनशे ओहमचा मोठा हेडफोन फोनला ओढवत नाही, प्लेअर सहज ओढतो. आणि त्यात फोन येत नाहीत. पण मित्राने खरे उपकार केले ते इअरफोन देऊन, असं माझं मत आहे. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

महिना संपत आला तेव्हा वाटलं, बायकोला एकदा ऐकवून बघावं. तिचं आवडतं गाणं लावलं, कानात इअरफोन घालून दिले, समोर बसून तिचा चेहरा बघत राहिलो. आपण जेवायला वाढून समोर बसल्यावर बघतो तसं. दोन मिनिटं ती शांतपणे ऐकत होती. मग इअरफोन काढून माझ्या हातात दिले.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही.”

पहिल्या वॉकमनवर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि आतल्या माइकमधून बाहेरच्या माणसाचं बोलणं कानात यायचं. हेडफोन लावायला छिद्रंही दोन ठेवलेली. एकट्यानेच कान बंद करून बसणं सोनीच्या अकिओ मोरितांना उद्धटपणाचं वाटलं होतं, म्हणून ही सोय. पुढच्या नमुन्यांतून ते बटण गेलं. माझ्या हातातल्या देखण्या डबीवर चाक होतं, दोन जातींच्या इअरफोनांसाठी दोन छिद्रंही होती, पण तसं बटण नव्हतं.

प्लेअर मी मित्राला परत केला. “काय, पटलं ना?” त्याने विचारलं. मी म्हटलं, चाक फार सुंदर आहे. इअरफोन तेवढे ठेवून घेतले.

काल सकाळी पातेल्यातून नेमकं तेच गाणं लागलं, माझं, तिसऱ्या ओळीआधीच्या श्वासाचं. पातेल्यात कसला श्वास ऐकू येतोय, तिथे शब्दच घुमत होते. पण दुसरी ओळ संपली आणि मी दाराशीच थांबलो, आणि तिसरी सुरू व्हायच्या आत माझ्याच छातीत तो श्वास भरून आला. बायकोने वळून पाहिलं.

“काय झालं?”

“काही नाही. आवाज वाढव जरा.”

तिने फोन उचलून मोठ्या पातेल्यात ठेवला.