माझा अनुभव: तोपखाना, अंबडची एजन्सी आणि उमेदवारी अर्ज

डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून सुटल्याची पुस्तिका, हातात पडल्यावर माजी सैनिकाने पहिला अर्ज कुठला भरावा, तर मतदार यादीत नाव लावण्याचा फॉर्म ६. नोकरीत असताना आपलं नाव सेवा मतदार म्हणून यादीच्या शेवटच्या भागात असतं. निवृत्तीनंतर ते तिथून काढून राहत्या पत्त्यावर सर्वसाधारण मतदार म्हणून नव्याने लावावं लागतं, आणि बायकोचं नाव सेवा मतदारात असेल तर तिचंही. नाशिक रोड-देवळाली पट्ट्यात माजी सैनिकांची वस्ती मोठी, पण हे काम राहून गेलेली घरंही तेवढीच दिसतात. मी तोपखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत सुरक्षा एजन्सी उभी केली आणि २०२४ च्या विधानसभेला अपक्ष अर्ज भरला. या तिन्ही गोष्टींची कागदपत्रं एकमेकांत अडकतात. एजन्सी काढतानाच निवडणुकीचा विचार केलेला बरा.

आधी धंदा. खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली परवाना लागतो. शुल्क एका जिल्ह्याला ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, पूर्ण राज्याला २५,०००. मुदत पाच वर्षं. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे नव्या गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण हवं. माजी सैनिकाला ४० आणि १६ तासांत भागतं. म्हणून सुरुवातीची फळी माजी सैनिकांची ठेवली की माणसं लवकर कामावर लावता येतात. पंधरा गार्डमागे एक सुपरवायझर धरावा.

आपली माणसं अडतात ती गिऱ्हाईकाला दर देताना, कोटेशनमध्ये. चोवीस तासांच्या एका पॉइंटला (पहाऱ्याच्या जागेला) आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन माणसांचा दर देतात. आठवड्याच्या २१ पाळ्या होतात आणि एक माणूस सहाच करतो. म्हणजे साडेतीन माणसं लागतात. तिनाचा दर दिला की अर्ध्या माणसाचा पगार खिशातून, नाहीतर तोच गार्ड बारा-बारा तास उभा. दुसरं अंबडला दिसतं, पहिलं हिशेबाच्या वहीत.

मग खेळतं भांडवल. प्रत्येकी १८,००० रुपये खर्चाचे तीस गार्ड धरा: महिन्याला ५ लाख ४० हजार. कारखाना बिल देतो पंचेचाळीस ते साठ दिवसांनी, तोवर दोन पगार वाटून झालेले असतात आणि तिसरा दारात. पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) पंधरा तारखेला भरायचेच. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बिलावर १८ टक्के जीएसटी आपणच लावायचा, म्हणजे ९७,२०० रुपये, आणि गिऱ्हाईकाने पैसे दिले नसले तरी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचे. प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या एजन्सीला हा त्रास नाही. १ जानेवारी २०१९ पासून तिच्या बिलावरचा कर जीएसटी नोंदणी असलेलं गिऱ्हाईक स्वतः भरतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, ती करून बिलावर क्रमांक छापावा. पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मागायला कायद्याचा आधार मिळतो. पेन्शन विकून, म्हणजे तिचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी आलेली सगळी रक्कम यात ओतू नये. निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते खरी, पण तो भाग परत सुरू व्हायला पंधरा वर्षं लागतात.

करासाठी प्रोप्रायटरी सोयीची, निवडणुकीसाठी तीच अडचणीची. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ सांगतं की राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा चालू करार असेल तर विधानसभा लढवता येत नाही. प्रोप्रायटरीत करार थेट तुमच्या नावावर असतो. काम आपल्या बाजूने पूर्ण झालं असेल आणि फक्त बिल थकलं असेल, तर तो करार चालू मानत नाहीत. कामपूर्तीचा दाखला मात्र फाइलला हवा. कंपनी असेल किंवा नुसती माणसं पुरवण्याचा करार असेल तर अर्जाआधी वकिलाचं लेखी मत घ्यावं. शिवाय प्रोप्रायटरीचं बँकेचं कर्ज उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात तुमचं स्वतःचं दायित्व म्हणून लिहावं लागतं.

आता उमेदवारी अर्ज. आपल्यासारख्याला नमुना २-ब हा अर्ज आणि दहा प्रस्तावक, म्हणजे नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो, अपक्षाला दहा, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. त्यांचे यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतूनच घ्यावेत. जुन्या मतदार चिठ्ठीवरून घेतलेले आकडे जुळत नाहीत. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००. अर्ज अकरा ते तीन याच वेळात घेतात. अर्जाचे चार संच भरता येतात. चारही भरावेत, प्रस्तावक बदलून. एका संचात सही चुकली तरी दुसरा तरतो. आपण राज्यातल्या दुसऱ्या मतदारसंघाचे मतदार असू तर यादीची प्रमाणित प्रत जोडायची. शपथ अर्ज दिल्यानंतर घ्यायची असते आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती झालीच पाहिजे.

नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र फौजी माणसाला एका जागी हमखास अडवतं. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला होता का, असा त्यात प्रश्न आहे. क्वार्टर मिळालं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. दहा वर्षांत दोन-तीन स्टेशनं झालेली असतात. एकाचा दाखला जवळच मिळेल, दुसऱ्याचा पठाणकोटहून येईल. निवडणूक जाहीर झाल्यावर पत्र टाकलं तर वेळेत उत्तर येणं कठीण. क्वार्टर सोडतानाच प्रत्येक ठिकाणचा दाखला घेऊन डिस्चार्ज बुकात ठेवावा. पाच वर्षांचं उत्पन्न आयकर रिटर्नप्रमाणेच लिहावं. एकही रकाना कोरा नको. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सूचना देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज बाद होऊ शकतो. सर्व्हिस रेकॉर्ड, आधार आणि मतदार यादीत नावाची तीन रूपं असतील तर ती आधीच सारखी करून घ्यावीत.

प्रचारात वर्दीतला फोटो नको. सैनिकांची आणि लष्करी कार्यक्रमांची छायाचित्रं वापरू नयेत असं निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये सांगितलं आहे. फ्लेक्सवर ‘माजी सैनिक’ एवढं पुरतं, आणि खरं सांगायचं तर त्याने मतं वाढत नाहीत. लोक पाणी आणि रस्त्याचंच विचारतात.

खर्चाची मर्यादा ४० लाख. वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडायचं. संपूर्ण प्रचारात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. मंडपवाल्याला कंपनीच्या खात्यातून परस्पर पैसे देऊ नयेत. मानधन म्हणून आधी स्वतःच्या खात्यात, तिथून निवडणुकीच्या खात्यात. एजन्सीची बोलेरो वापरली तर परवाना घ्यावा लागतो आणि तिचं भाडं खर्चात धरतात. ड्युटीवरचा गार्ड प्रचाराला नेऊच नये, एका फोटोत एजन्सी आणि निवडणूक, दोन्हीकडची भानगड होते. प्रचाराच्या काळात खर्चाची नोंदवही तीनदा तपासतात, आणि आयोगाच्या निरीक्षकांची स्वतःची समांतर वही असते. तुमच्या सभेतल्या खुर्च्या तिथेही मोजलेल्या असतात.

निकालानंतर तीस दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा, हरलात तरी. २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे २३ डिसेंबरच्या आत. नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. त्याच तीस दिवसांत एजन्सीचा पंधरा तारखेचा पीएफ आणि वीस तारखेचा जीएसटीही येतो, म्हणून निवडणुकीचा हिशेबनीस एजन्सीच्या अकाउंटंटहून वेगळा ठेवावा.