सात नवलांचं फोर: बूट घालून जा

आयर्लंडमध्ये, डब्लिनहून गाडीने दीडेक तासावर, वेस्टमीथ काउंटीत फोर नावाचं गाव आहे. गाव कसलं, मूठभर घरं. अर्ध्या तासात उरकेल म्हणून गेलो, अडीच तास रमलो. कॅनव्हासच्या बुटांत मोजे भिजले ते वेगळंच.

इ.स. 630 च्या सुमारास संत फेखिन यांनी इथे मठ काढला आणि त्याच्या आधाराने वस्ती झाली. गावाची 'सात नवलं' सांगतात: दलदलीवरचा मठ, पाटाशिवाय चालणारी पाणचक्की, चढाने वाहणारं पाणी, न उकळणारं पाणी, न जळणारं झाड, दगडातला संन्यासी आणि प्रार्थनेने उचललेली शिळा.

मला विचाराल तर खरी गंमत पाण्याची. डोंगराच्या पलीकडे लॉख लीन तळं आहे. तिथलं पाणी चुनखडीत मुरतं, डोंगराच्या पोटातून येतं आणि अलीकडे पडक्या चक्कीपाशी उगवतं. पाट दिसतच नाही, म्हणून नवल! पाण्याच्या दोन नवलांचा उलगडा तिथे उभं राहिलं की होतो.

रस्त्याच्या वरच्या अंगाला फेखिनचं जुनं चर्च आहे. दाराशी थांबून मान वर करा. आपल्याकडे गणेशपट्टी असते तिथे एक अजस्र शिळा बसवलीय, तिच्यावर वर्तुळात कोरलेला क्रूस. ही माणसांनी कशी चढवली, हे कोडं पडतंच. मग फेखिनची प्रार्थना पुढे येते.

त्याहून वर संन्याशाची कोठडी आहे. इथे 17व्या शतकातही माणूस स्वतःला कोंडून घेऊन राहत होता. आम्हाला कुलूप मिळालं, तेव्हा चढण्याआधी किल्लीची चौकशी खाली गावातच करा.

खालच्या दलदलीतले मोठे अवशेष मात्र फेखिनचे नव्हेत. ते बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या) मठाचे, 12व्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदार ह्यू द लेसीने वसवलेल्या. भिंती किल्ल्यासारख्या जाड आहेत; हा नॉर्मनांच्या ताब्याच्या सीमेवरचा मुलूख, हल्ले व्हायचेच. गावाच्या तटबंदीच्या दोन वेशीही अजून उभ्या आहेत. ही बाजू पाऊस पडून गेल्यावर चिखलाची, घोट्यापर्यंतचे बूट हवेतच.

वाटेत झाडाला चिंध्या बांधलेल्या दिसतील. नवसाची ही तऱ्हा ओळखीची वाटेल, पण खोडात नाणी ठोकू नका. तशा नाण्यांनीच जुनं झाड मेलं म्हणतात.

खाण्याची सोय कॅसलपोलार्डला करून या, पाचेक किलोमीटर आहे. न उकळणाऱ्या पाण्याची विहीर आम्हाला कोरडीच सापडली. चहाचा थर्मास घरूनच भरून न्या.